खिळ्यावरचा बॅज

नरसय्याअण्णा एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकायच्या आधी छातीवर बॅज लावायचे. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा, आत किरण मोजणारी चकती, मागे चिमटा. चहाला बाहेर निघाले की काढून बोळातल्या खिळ्यावर. चहा झाला की पुन्हा छातीवर. दिवसातून आठ-दहा वेळा हा सोहळा चालायचा आणि आम्ही बाकीचे हसायचो. "अण्णा, एवढं तर बाया मंगळसूत्र जपत नाहीत," असं मीच एकदा म्हटलं होतं. अण्णा म्हणाले, "मंगळसूत्र काही मोजत नाही, अम्मा. हे मोजतं." घरी तेलुगू बोलणारे ते, पोरीबाळींनाही अम्माच म्हणायचे.

सोलापुरातला हाडांचा दवाखाना तो. मालकाला सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे, मीही तेवढंच म्हणते. नाव लिहून त्यांचं काही बिघडणार नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. बोळात कॅलेंडरखाली पाच खिळे आणि पाच बॅज. त्यातला एक अण्णांचा, एक माझा, एक सिस्टरचा, एक मोठ्या डॉक्टरांचा आणि एक त्यांच्या सहायकाचा. अण्णांचा सोडला तर बाकीचे चार बॅज त्या खिळ्यांवरून हलायचे नाहीत. मी नोकरीला लागले त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, "बॅज इथंच राहू दे. हरवला तर लिहालिही करत बसावं लागतं." दर तीन महिन्यांनी ते बॅज तपासायला जायचे आणि शून्याचा रिपोर्ट यायचा. येणारच की! बोळातल्या खिळ्याला कुठले किरण लागणार? सिस्टरला तर बॅज म्हणजे ताईत वाटायचा. अण्णांना काही होत नाही कारण ते बॅज लावतात, असं ती सगळ्यांना सांगायची. अण्णा वैतागून म्हणायचे, "अहो सिस्टर, ही ताप मोजायची कांडी आहे, तापाची गोळी नव्हे!"

मी मूळची केम गावची. डिप्लोमा करून आले तेव्हा सूत्र तोंडपाठ होतं, तरंगलांबी गुणिले वारंवारता बरोबर प्रकाशाचा वेग. अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रेडिओची लाट लांब, का आपली?"

"आपली," मी म्हटलं.

"का गं?"

"आपल्या लाटेत जोर जास्त असतो ना."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "डिप्लोमा कुणी दिला तुला? त्याचा पत्ता दे, भेटून येतो."

रविवारी ते मला शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत घेऊन गेले. तिथं त्यांच्या थोरल्या भावाचा चादरींचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याच्या शेडमध्ये चार माग. अण्णांचे वडील विणकर, आजोबा विणकर. एकोणिसाव्या वर्षी खोकला आणि कानातला खडखडाट याला कंटाळून अण्णांनी माग सोडला आणि एका एक्स-रेवाल्याकडे फिल्म धुवायला लागले. तिथं शिकले, परीक्षा दिली, टेक्निशियन झाले. घरचे त्यांना 'फोटोवाला' म्हणायचे. त्या खडखडाटात माझ्या कानाशी ओरडून अण्णांनी मला शिकवलं ते असं: "हे कापड बघ. एकाच वेगानं खाली उतरतंय ना? आता यात मोठं फूल असलं तर घंटाभरात चार फुलं उतरतील. बारीक बुट्टी असली तर चाळीस उतरतील. कापड तेवढंच, वेग तोच. फुलाची लांबी कमी केली की संख्या वाढली. झालं! तुझं सूत्र ते एवढंच."

अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या शेडमध्ये पाच मिनिटांत शिरलं. खरं सांगते, मला रडू आलं. अण्णांना वाटलं, कापसाची भुकटी डोळ्यांत गेली.

उरल्यासुरल्या सुतातून त्यांनी भावाकडून एक पट्टी विणून घेतली होती. टीचभर रुंद आणि चांगली दहा-बारा हात लांब. एका टोकाला लाल-पांढरे पट्टे हातभर रुंदीचे, मग वीतभर, मग बोटभर, मग दोऱ्याएवढे, आणि शेवटी इतके बारीक की लाल कुठला नि पांढरा कुठला ते डोळ्याला कळू नये. दवाखान्यातल्या जुन्या डार्करूममध्ये ती भिंतीवर ठोकलेली होती. कुणी नवीन आलं की अण्णा त्याला तिथं उभं करायचे. "मीडियम वेव्ह रेडिओची एक लाट म्हणजे आपल्या दारापासून पार चौकापर्यंत. एफएमची एक लाट या खोलीत मावते. मोबाईलची वीतभर. टीव्हीच्या रिमोटची म्हणजे केसाचे शंभर भाग करा, त्यातला एक. डोळ्याला दिसणारा उजेड त्याच्याही निम्मा. आणि आपली? उजेडाच्या एका लाटेत आपल्या दहा हजार मावतात." मग पट्टीच्या शेवटच्या टोकाला बोट लावून ठरलेलं वाक्य यायचं: "आखूड तेवढं घाईचं. घाईचं तेवढं जोराचं."

डार्करूममधला जुना लाल बल्ब त्यांनी काढू दिला नव्हता. फिल्म धुवायच्या काळात तो एकच दिवा चालायचा. लाल उजेडाची लाट लांब, तिच्यात फिल्म खराब करायचा जोर नसतो. निळा दिवा लावला तर फिल्म गेलीच. "लाल आणि निळ्यात फरक किती? दुपटीलासुद्धा थोडा कमी," अण्णा म्हणायचे. "एवढ्याशा फरकात फिल्म जळते. मग आपण कशाशी खेळतोय ते बघा."

लोकांवर मात्र त्यांचा भारी राग. एकदा वैरागचा एक शेतकरी गुडघा दाखवायला आला. खिशातला मोबाईल आधी बायकोकडे दिला. "ह्याची किरणं लई वंगाळ असत्यात म्हनं," असं म्हणाला आणि वर, "फोटू काडताच हाय तर छातीचा आन् कमरंचा बी काडा की. परत कवा येनार आमी?" अण्णा भडकलेच. "वीतभर लाटेला घाबरता आणि हिला म्हणता अजून दोन द्या? ही काय शेंगाचटणी आहे, वर थोडी जास्त वाढायला?" शेतकरी गोरामोरा झाला. नंतर अण्णांनीच त्याला बसवून, पट्टी दाखवून सगळं समजावलं. मोठ्या डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावून झापलं. पेशंट मागतोय तर तुम्ही नाही म्हणणारे कोण?

माझे वडील एकदा मला भेटायला केमहून आले होते. मशीनकडे लांबूनच बघत त्यांनी अण्णांना विचारलं, "पोरगी दिसभर हितं उबी ऱ्हाती. काय हुनार न्हाय न्हवं?" अण्णा एका शब्दात उत्तर देणाऱ्यातले नव्हते. अंतर दुप्पट केलं की मार चौपट कमी होतो, शिशाच्या ॲप्रनमधून किती जातं, सगळं सांगायला लागले. वडिलांना त्यातलं काही कळलं नाही. मग अण्णा थांबले आणि म्हणाले, "मी आहे की."

आता पुढचं. हे लिहायचं मी फार दिवस टाळलं.

ऑपरेशनच्या खोलीत सी-आर्म नावाचं मशीन असतं. हाडात खिळा बसवताना डॉक्टरांना पडद्यावर हाड दिसत राहावं म्हणून ते मशीन पुन्हा पुन्हा किरण सोडतं. टेक्निशियनला तिथंच जवळ उभं राहावं लागतं. आमच्या टेबलाखालचा शिशाचा पडदा फाटलेला होता. अण्णांनी दोनदा लेखी कळवलं होतं आणि दोन्ही वेळा "बघू" एवढंच उत्तर आलं होतं. माझी आणि अण्णांची तिथं एक दिवसाआड पाळी असायची.

मला दिवस गेले. माझ्या आधी तिथं जी मुलगी होती तिला दिवस गेले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला पेढे दिले आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, फक्त अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "सी-आर्मला तू जायचं नाही. बाहेर रजिस्टर लिही." मोठ्या डॉक्टरांना त्यांनी सांगून टाकलं की पोरीचा हात अजून बसला नाही, काही दिवस मीच करतो. डॉक्टरांना काय, मशीन चालल्याशी मतलब. रजिस्टर मात्र भिंतीवरच्या ड्यूटीच्या तक्त्याप्रमाणे भरायचा तिथला रिवाज होता. म्हणजे माझ्या पाळीच्या दिवशी नाव माझं लागायचं, आणि आत फाटक्या पडद्यापाशी उभे असायचे अण्णा. पाच महिने असं चाललं. सहाव्या महिन्यात आईच्या आजारपणाची सबब सांगून मी केमला गेले.

मुलगी झाली. चार महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परत आले. मोठ्या डॉक्टरांना तोपर्यंत सगळं समजलं होतं, पण माझं काम अण्णांनी एकट्यानं ओढलं होतं, म्हणून तक्रारीला वाव नव्हता. "बारसं केलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. मी केमला जायच्या आधीच्या महिन्यांतला अण्णांच्या बॅजचा आकडा मर्यादेबाहेर गेला होता. चौकशीला किरणांच्या सुरक्षेच्या खात्याचे एक अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फार गोड बोलले. "उद्या ते विचारतील, बॅज लावता का. काय सांगायचं ते तुला माहीत आहे. खोलीला सील लागलं तर सगळेच घरी बसतील. तुझं बाळ लहान आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे केबिनमध्ये उभे होतो. माणूस वाईट नव्हता तो अधिकारी. त्याच्या पुढ्यात रिपोर्ट होता आणि रजिस्टर होतं. त्यानं हिशेब सरळ मांडला. खोली एक, मशीन एक. रजिस्टरप्रमाणे निम्म्या केस या बाईंनी केल्या, निम्म्या यांनी. बाईंचा आकडा शून्य आहे, यांचा एवढा. म्हणजे दोष कामाच्या पद्धतीत आहे. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. प्रत्येक ऑपरेशनला टेबलाच्या पलीकडे ते स्वतः उभे असायचे. समोर कोण उभं असायचं ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "बाई, तुम्ही बॅज नियमित लावता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"हो सर," मी म्हणाले. "रोज."

मग त्यानं अण्णांना विचारलं, "मग तुमचाच एवढा कसा आला?"

अण्णांना एका वाक्यात सुटता आलं असतं. हिच्या पोटात बाळ होतं, हिच्या पाळ्या मी केल्या, एवढं बोलले असते तरी पुरे होतं. पण मी गरोदरपण लपवलं होतं आणि रजिस्टर खोटं भरलं होतं, ते अधिकाऱ्यापुढे उघडं पडलं असतं. ते म्हणाले, "मी लावत होतो म्हणून आला, साहेब."

अधिकाऱ्याला तो उर्मटपणा वाटला. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या आठवड्यात अण्णांच्या हातात पत्र पडलं. त्यात "सुरक्षेच्या नियमांबाबत निष्काळजी" असे शब्द होते. निष्काळजी! सबंध दवाखान्यात जो एकटा माणूस काळजी घ्यायचा त्याला! मोठ्या डॉक्टरांनी तेच कारण दाखवून त्यांना काढलं.

काढलं त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडल्यावर अण्णा बोळात थांबले. मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्यांनी खिळ्यावरचा माझा बॅज काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि माझ्या ॲप्रनच्या खिशाला लावला. "आता तरी लाव, अम्मा," म्हणाले आणि आपली डब्याची पिशवी उचलून निघून गेले. डार्करूममधली पट्टी त्यांनी नेली नाही. मीच नंतर ती काढून घरी आणली.

बॅज मी त्या दिवसापासून लावायला लागले. काय उपयोग? खोटं बोलून झाल्यावर शहाणपणा करणाऱ्या माणसाची मला स्वतःलाच चीड येते. वर्षभरात मी तो दवाखाना सोडला आणि दुसरीकडे लागले. माझ्या हातात चांगलं पत्र होतं. अण्णा तीन-चार ठिकाणी जाऊन आले. सगळीकडे आधीच्या ठिकाणचं पत्र मागितलं, ते वाचून "कळवतो" म्हणाले, आणि कुणी कळवलं नाही.

मुलगी तीन वर्षांची असताना तिला घेऊन मी पूर्व भागात गेले. जायला मला तीन वर्षं लागली, हेही लिहून ठेवते. अण्णा भावाच्या शेडमध्ये चादरींच्या घड्या घालत बसले होते. जो खडखडाट सोडून एकोणिसाव्या वर्षी पळाले होते, त्यातच परत. अंगावर, भुवयांवर कापसाची भुकटी, आणि खोकला. मुलीला त्यांनी जवळ घेतलं, उतरणारं कापड दाखवलं. "मोज बरं, किती फुलं आली?" तिला पाचापर्यंतच येत होतं. पाच झाली की ती पुन्हा एकपासून सुरू करायची आणि अण्णा हसायचे.

मी म्हटलं, "अण्णा, मला माफ करा."

हसू गेलं. "माफी मला काय करायची? घालू कुठं?" म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना खरं सांग. एक पत्र लिही. बॅज खिळ्यावर होते, पाळ्या नरसय्यानं केल्या. दोन ओळी. नोकरी नको मला आता. तो शब्द तेवढा काढायला सांग. माझी मुलं वाचतात तो कागद."

"लिहिते," मी म्हणाले.

"कधी?"

"याच आठवड्यात."

लिहिलंही. पाकिटात घातलं, पत्ता घातला, आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. आपल्याच हातानं आपण खोटी साक्ष दिली असं लिहून द्यायचं, मग माझ्या नोकरीचं काय, नवरा काय म्हणेल, असल्या भानगडींत ते पाकीट दोन वर्षं तिथंच राहिलं. साड्या बदलायला कपाट उघडलं की ते दिसायचं. मी साडी ओढून घ्यायचे आणि कपाट लावायचे.

अण्णा गेल्याचं मला दवाखान्यात आलेल्या एका विणकराकडून कळलं. खोकला वाढत गेला होता. कुणी म्हणालं मागाच्या भुकटीनं, कुणी म्हणालं एक्स-रेच्या किरणांनी. अण्णा असते तर दोघांनाही झापलं असतं, मोजल्याशिवाय बोलू नका म्हणून. मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, लक्ष्मीवहिनी, दाराशीच बसल्या होत्या. घरात त्या तेलुगूच बोलायच्या, माझ्याशी मोजकं मराठी. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "शेवटी शेवटी विचारत होते की. केमच्या पोरीचं पत्र गेलं काय म्हणून."

मी घरी आले आणि कपाटातलं पाकीट काढून पोस्टात टाकलं. नंतर पुन्हा सगळं नव्यानं, तपशिलानं लिहून दुसरं पाठवलं. मग तिसरं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. संबंधित व्यक्ती हयात नसल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. आणि खाली, आपल्या स्वतःच्या नोंदींमध्ये बदल करण्यास पुरेसा आधार दिसून येत नाही. म्हणजे त्या दवाखान्यातल्या माझ्या नावापुढे आजही शून्य आहे. गरोदरपणातलं शून्य अण्णांनी दिलेलं, बाकीची शून्यं खिळ्यावरच्या बॅजची. आणि अण्णांच्या नावापुढे त्यांचा आकडा आहे, आणि तो शब्द आहे.

ते उत्तर घेऊन मी वहिनींकडे गेले. त्यांना मराठी वाचता येत नाही. कागद हातात धरून त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय? काढला तो शब्द?"

हो म्हणणं किती सोपं होतं! जिभेवर आलंही होतं. त्या म्हातारीला बरं वाटलं असतं, मला चहा मिळाला असता, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी सांगितलं. नाही वहिनी, काढला नाही. आता काढणारही नाहीत. मीच उशीर केला.

वहिनींनी कागदाची होती तशी घडी घातली. चादरींच्या घड्या घालायचा सराव असलेले हात ते, घडी अगदी नीट बसली. कागद त्यांनी माझ्या हातात परत दिला.

"आता खरं सांगून काय करू मी, अम्मा?" त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगायचं होतंस की."